तोफ नसलेली गाडी

करंजा,
२७ ऑक्टोबर २०२५

विनायक,

'प्रिय' लिहिणार नाही. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. फोनवर तू हळू आवाजात बोलत राहतोस आणि समोरच्याचा राग विरून जातो. मला तो विरू द्यायचा नाही. उत्तर द्यायचं असेल तर कागदावर दे.

काल माझ्या माहेरगावच्या स्मारक समितीच्या ग्रुपवर एक फोटो आला. काचेच्या पेटीत रणगाडा, ही एवढी लांब तोफ, आणि खाली मजकूर: 'वीर हृतिक भगवान गोवारी यांचा रणगाडा. हुबेहूब प्रतिकृती. कलाकार: विनायक गुर्जर, खांदा कॉलनी.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

हुबेहूब? माझा भाऊ रणगाड्यावर होता कधी? तो रिकव्हरी गाडीवर होता. चिखलात रुतलेले, बंद पडलेले रणगाडे ओढून काढायची गाडी. वर क्रेन, पुढे माती ढकलायचं पातं, पोटात दोर गुंडाळून ओढणारा विंच. तोफ नाही. हे गावात कुणाला ठाऊक नसेल, त्याचा मित्र म्हणून तुला आहे. सुट्टीवर आला की घरी बॅग टाकून तो आधी तुझ्या वर्कशॉपमध्ये यायचा.

तरी मी स्वतःला समजावलं, की विन्याने बाजारातलं किट आणून जोडलं असेल. मग फोटो मोठा करून पाहिला. डावीकडचं मागून दुसरं चाक तिरकं आहे. ते हृतिकने बसवलं होतं, गणपतीच्या सुट्टीत, तुझ्या टेबलाशी बसून. मी तिथेच होते. तू म्हणालास, काढून सरळ बसव. तो म्हणाला, राहू दे, खऱ्या गाडीचंही तसंच आहे.

म्हणजे त्याने अर्धी जोडलेली, त्याच्या मागे तशीच राहिलेली त्याची गाडी तू उचललीस आणि तिच्यावर तोफ चढवलीस. समितीचा अध्यक्ष बिल्डर आहे आणि त्याच्या टॉवरांची पांढरी पांढरी मॉडेलं तूच करतोस, हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठी?

मनिषा

---

खांदा कॉलनी, नवीन पनवेल,
३ नोव्हेंबर २०२५

मनिषाताई,

तुझं पत्र वाचून मी फाडणार होतो. नाही फाडलं, कारण मग उत्तर कशाला देतोय तेच विसरलो असतो.

आधी अध्यक्षांचं. त्यांच्या इमारतींची मॉडेलं मी करतो, पोटासाठी करतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे काम त्यांनी मला सांगितलं नाही. तुझ्या वडिलांनी सांगितलं. काका स्वतः जिना चढून माझ्याकडे आले होते. का आले, काय बोलले ते विचारू नकोस. मी त्यांना शब्द दिलाय.

आता त्या गाडीचं. हृतिक गेल्यावर दीड वर्षात तू एकदा तरी विचारलंस, की विनू, ती अर्धी गाडी कुठे आहे? मी ती खोक्यात ठेवली होती. महिन्यातून एकदा खोकं उघडायचो, धूळ नसलेल्या गाडीवरची धूळ पुसायचो आणि परत ठेवायचो. पुढे काम करायला हात जात नव्हता. तू करंज्याला बसून माझ्या हातांचा हिशेब मागू नकोस.

त्याच्या गाडीचा खालचा सांगाडा रणगाड्याचाच असतो, हे तुला त्यानेच सांगितलं असेल. चाकं तीच, पट्टे तेच. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं काम, पट्ट्याची एकेक कडी चिमट्याने धरून जोडावी लागते. त्या कड्या त्याने जोडल्या होत्या. मी त्यातली एकही उचकटली नाही. तोफेचा बुरूज वर नुसता बसवलाय, चिकटवलेला नाही. दोन बोटांनी उचलला की निघतो.

मी का नाही चिकटवला, याचा विचार शिव्या देण्याआधी केला असतास तर बरं झालं असतं.

विनायक

---

करंजा,
१० नोव्हेंबर २०२५

विनायक,

दोन बोटांनी निघतो म्हणतोस. मग काढ की.

परवा मी माहेरी गेले होते. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. मी सरळच विचारलं, "हृतिकच्या गाडीवर तोफ कुनी बसवाय लावली?"

"मी."

"का?"

"तू गप र्‍हा. तुला काय कलतंय?"

"मला कळतं. तो रिकव्हरीवर होता. तुम्ही सांगताय ते खोटं आहे."

पेपर खाली ठेवला त्यांनी. "लोकांना काय क्रेन दावू? हायवेवं बंद पडलेल्या गाड्या उचलतात तशी? स्मारकात क्रेन ठेवतान काय कंदी?"

मी ओरडले. तेही ओरडले. आई आतून आली, माझ्या हाताला धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि ताट वाढलं. ती हल्ली बोलतच नाही. दुपारी जेवणं उरकली की फोन घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसते. मी म्हटलं, आई, तू तरी त्यांना सांग. तर म्हणाली, "जेव."

निघताना कपाटावर समितीची निमंत्रणपत्रिका दिसली, २६ जानेवारीला स्मारकाचं उद्घाटन. 'शत्रूशी लढताना वीरमरण पत्करलेले.' विनायक, तुला माहीत आहे काय झालं ते. सराव चालू होता. एक रणगाडा कालव्यात नाकावर गेला, आत तिघे जण, पाणी भरत होतं. हृतिकने पाण्यात उतरून दोराची कडी अडकवली. विंचने रणगाडा बाहेर आला. काठ खचला आणि हृतिक बाहेर आला नाही. यात कुठे कमी पडतं? कुणाला कमी पडतं? याहून मोठं काही करायला कुणी त्याला सांगितलं होतं?

आणि तुला शब्दाचं कौतुक. बाबांना दिलेला शब्द तू पाळतोस. हृतिकला दिला होतास, की ही गाडी पुरी करू. त्या शब्दाचं काय झालं?

मनिषा

---

खांदा कॉलनी,
१९ नोव्हेंबर २०२५

मनिषाताई,

ठीक आहे. शब्द मोडतो. वाच आणि मग ठरव कुणावर ओरडायचं ते.

श्रावणाआधी तुमच्या गावात एक लग्न होतं. मांडवात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी काकांना मोठ्याने विचारलं, "भगवानशेठ, तुमचा पोर लढाईत व्हता का गॅरेजमदी?" आणि पंगत हसली. सगळी नाही, पण हसली. काका पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. वर्कशॉपभर पुठ्ठ्याचे टॉवर उभे, बसायला एक स्टूल. ते त्यावर बसले. मग म्हणाले, त्याची एक गाडी तुज्याकडं हाय ना, दाव. मी खोकं उघडलं. त्यांनी हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं.

"याच्यावं तोफ बसव."

मी म्हटलं, काका, ही हृतिकने जोडलीय.

"म्हनूनच."

त्यानंतर मी काय बोलायला हवं होतं, ते तू सांग. तू शिक्षिका आहेस, तुला शब्द सापडतात. मला नाही सापडले. मी बुरूज केला. तोफेची नळी पितळेची, लेथवर कातून घेतली. धुळीचा रंग तीन थरांत दिला. चांगला केला, ताई. वाईट करता येत नाही मला. हसणाऱ्यांचा राग मला तुझ्याइतकाच होता, आणि त्या रागातच मी ती तोफ केली, हे खरं आहे.

तुझं पत्र आल्यावर समितीकडे गेलो होतो. म्हटलं, थोडं काम राहिलंय, पेटी द्या. अध्यक्ष हसले. "आर्टिस्ट लोकांचं काम कधी संपतं का? निमंत्रणं गेली आता." पेटीला कुलूप आहे.

पण मी दुसरं काम हाती घेतलंय. हृतिकच्या गाडीचा वरचा भाग. डेक, क्रेन, विंचचं तोंड, पुढचं पातं, सगळं प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून वेगळं करतोय. सांगाडा परत हाती आला, की बुरूज उचलायचा आणि हे ठेवायचं. या गाडीचं धड किट मिळत नाही, फोटोही थोडे. हृतिक तुला गाडीबद्दल काही ना काही सांगायचा, पाठवायचा. ते कळव. रागावून कळवलंस तरी चालेल.

विनायक

---

करंजा,
१ डिसेंबर २०२५

विनायक,

पंगतीत कोण हसलं त्याचं नाव मला हवंय. तू देणार नाहीस. मी काढीन.

बाबांनी मला सांगितलं असतं तर मी त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहिले असते. पण त्यांनी तुला सांगितलं. मुलीला नाही. हसणाऱ्याला दोन शब्द सुनावायचे सोडून स्वतःच्या मुलाचं काम लपवायला निघाले. म्हणजे हसणारे बरोबरच होते, असं बाबांनी कबूल केलं. मला हे जास्त लागलंय.

गाडीचं लिहिते. पात्याच्या खालच्या कडेला गंज दाखवू नकोस. एकदा त्याने व्हिडिओ कॉलवर मला पातं दाखवलं होतं. म्हणाला, "ताय, रोज मातीत घासतंय ना, आरशासारखं झालंय. गंज बसायला येल कुठं हाय?" विंचच्या तोंडाशी काळं तेल ओघळलेलं असायचं, ते मात्र दाखव. क्रेनचा हूक ते दोरीने बांधून ठेवत, चालताना खणखण वाजायचा म्हणून. ड्रायव्हरच्या झाकणाची आतली गादी फाटली होती, तिला त्याने निळा रेक्झिनचा तुकडा शिवला होता. रंग निळाच दे. साहेब ओरडले होते त्याला त्यावरून.

कार्यक्रमाला मी येणार आहे. कुणी शत्रूबित्रू काढला, तर मी उठून बोलणार. मला थांबवायला येऊ नकोस.

मनिषा

---

करंजा,
२७ जानेवारी २०२६

विनायक,

काल तू तिथे होतास. तिसऱ्या रांगेत, निळा शर्ट. मी पाहिलं तुला.

अध्यक्ष बोलले ते तू ऐकलंस. "आपल्या हृतिकच्या तोफेने शत्रूची दाणादाण उडाली." टाळ्या पडल्या. शाळेची पोरं झेंडे हलवत होती. मी उठले. माइक माझ्याकडे कोण देणार, म्हणून ओरडूनच बोलले. "माझा भाऊ तोफ चालवत नव्हता. तो पाण्यात बुडणाऱ्या माणसांना काढायला गेला होता."

एवढंच. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं.

बाबा स्टेजवरून म्हणाले, "खाली बस." मी बसले नाही. मग ते म्हणाले, "हिला भायेर न्या." माझ्याच चुलत भावांनी माझे दंड धरले. ज्यांना मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं, त्यांनी. सगळ्या गावासमोर मला मांडवाच्या बाहेर काढलं. चप्पल आतच राहिली. मी अनवाणी रिक्षा स्टँडपर्यंत गेले.

आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आणि तू. तू खुर्चीवर बसून राहिलास. शिवी दिली असतीस तर चाललं असतं. उठून माझ्या शेजारी नुसता उभा राहिला असतास तरी त्यांना दोघांना धरावं लागलं असतं.

त्या घरात मी आता पाय ठेवणार नाही. तुझ्या वर्कशॉपमध्येही नाही. पात्याचं, गादीचं, सगळं तुला सांगितलं, तेवढं परत घेता आलं तर घेतलं असतं.

मनिषा

---

खांदा कॉलनी,
८ फेब्रुवारी २०२६

मनिषाताई,

मी उठलो नाही. ते तसंच आहे, त्याला कारण जोडत नाही.

पण तुला बाहेर काढल्यावर काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुझा फोन बंद आहे असं घरचे म्हणाले. म्हणून लिहितो. शेवटपर्यंत वाच.

तू गेल्यावर अध्यक्षांनी "बहिणीचं दुःख आपण समजू शकतो" असं काहीतरी म्हटलं आणि फीत कापायला कात्री मागवली. तेवढ्यात काकी उठल्या. मला वाटलं तुझ्यामागे जातायत. त्या स्टेजकडे गेल्या. पायऱ्या चढल्या नाहीत, खालीच उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांना विचारलं, "माज्या पोराने किती मारलं?"

अध्यक्ष म्हणाले, "काकी, तसा आकडा..."

"नाय म्हायती ना? मना म्हायती हाय. एक पन नाय. वाचवलं किती, त्ये सांग."

काका उठून उभे राहिले होते. त्यांच्याकडे न बघता काकींनी बोटांवर मोजत नावं घेतली. "सतपाल. मुरगेसन. जोगिंदर. सतपालचे आयचं डोल्याचं आपरेसन झालं, आता बरी हाय. मुरगेसनला पोरगी झाली दिवालीत. जोगिंदरचं लगीन ठरलंय, मना बोलवलंय. आयतवारी तिगं पन फोन करतान मना. आय म्हनतान. त्यांची भाषा मना येत नाय, माजी त्यांना येत नाय. तरी बोलतो आमी."

पडवीत बसून फोन करते म्हणून तू लिहिलं होतंस. ते हे होतं.

मग त्या काकांकडे वळल्या. आवाज तेव्हा चढला, आधी नव्हता चढला. "तुमाला लाज वाटली पोराची. मना नाय सांगितलं. सांगितलं असतं तं त्या पंगतीत मी उठले असते. आनि आज पोरीला भायेर काढलीत. एक गेला, दुसरी काढली. आता मना पन काढा." आणि एकट्या चालत घरी गेल्या. तुझी चप्पल त्यांनी उचलून नेली, ते मी पाहिलं.

फीत कापली गेली, पण फोटोला कुणी उभं राहिलं नाही.

काल काका माझ्याकडे आले. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली गाडी. कुलूप कसं उघडलं ते मी विचारलं नाही. एका बोटाला पट्टी होती. टेबलावर गाडी ठेवली आणि म्हणाले, "हे काढ."

मी म्हटलं, तुम्हीच काढा, चिकटवलेलं नाही.

त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय. "मस्करी करतोस माजी?" म्हणून माझ्यावर खेकसले. मग दोन बोटांनी बुरूज धरला आणि उचलला. तो इतका सहज निघाला की ते स्वतःच दचकले. हातात तो धरून उभे राहिले, ठेवावा कुठे ते कळेना.

मी वरचा भाग आणून सांगाड्यावर ठेवला. क्रेन, पातं, विंच. रंग पुरा आहे, तू सांगितलास तसा. त्यांनी पात्याच्या कडेवरून नख फिरवलं. "ह्ये चमकतंय का?" मी तू लिहिलेलं सांगितलं, हृतिकच्या शब्दांत. त्यांनी नख परत एकदा त्याच कडेवरून नेलं. मग विचारलं, "तो कुठं बसायचा?"

मी चिमट्याने ड्रायव्हरचं झाकण उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वाकले. आता पंगतीत कुणी हसलं तर हसू दे, असं काहीतरी पुटपुटले. मला नीट ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

जाताना दारात थांबून म्हणाले, "मनिषाला सांगू नको मी आल्तो त्ये." काकांना दिलेला हा दुसरा शब्द. तोही मोडतोय.

विनायक

---

माहेरून,
१ मार्च २०२६

विनू,

गाव नाही लिहिलं वर, कारण त्या घरात पाय ठेवणार नाही असं मी तुला कळवलं होतं, आणि आता तिथेच बसून लिहितेय.

तुझं पत्र वाचून आधी मला आईचा राग आला. तीन माणसं दर रविवारी फोन करतात आणि मला पत्ता नाही! मी फोन करून तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "तू इचारलंस कंदी? तू येतेस, भांडतेस नी जातेस." मग तासभर मी तिच्याशी भांडले. मग पुढच्या रविवारी मीही मागच्या बाजूने येऊन पडवीत तिच्या शेजारी बसले, घरात शिरले नाही. सतपाल म्हणाला, दीदी, पाण्यात त्याचा आवाज येत होता आम्हाला. रणगाड्यावर तो बाहेरून पान्याने ठोकत होता, आम्ही आहोत की नाही ते बघायला. आम्ही आतून ठोकलं तेव्हा तो ओरडला, "हाय! हाय! तिगं पन हाय!" त्यांना अर्थ कळला नव्हता. फोन माझ्या कानाशी होता; आईने विचारलं, काय सांगतोय सतपाल? मी तिला सांगितलं. त्या दिवशी आई रडली. मला वाटतं पहिल्यांदाच.

बाबा परवा करंज्याला आले. गेटपाशी उभे. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांनी माफी मागितली नाही, मीही ती मागून घेतली नाही. म्हणाले, "पाटी बदलायची हाय. काय लिवायचं?" मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा, तुम्हाला सगळं कळतं. "मना कलत नाय म्हनून आलो ना!" असं ओरडले, भर रस्त्यात. शेजारचे बाहेर आले. मग मला त्यांना आत घ्यावंच लागलं.

म्हणून इथे आलेय. दोन दिवस पाटीवरून भांडण चाललंय. 'शत्रू' त्यांनी स्वतःच खोडला. 'रिकव्हरी गाडी' लिहायला तयार झाले. तिघांची नावं घालायची, हे आईने ठरवलं, त्यावर कुणी काही बोललं नाही. अडलंय ते 'वीर' या शब्दावर. ते म्हणतात पाहिजे. मी म्हणते, एवढं सगळं लिहिल्यावर वेगळा शब्द कशाला, वाचणाऱ्याला डोळे आहेत. ते म्हणतात, तुला तुझ्या भावाला वीर म्हणायची लाज वाटते का? ताट सरकवून उठले ते काल. मीही उठले. आई आतून ओरडली, "मेलेल्याला झोपू द्या जरा, नी ज्येवा!"

आत्ता हे लिहितेय तर ते बाहेरून विचारतायत, विन्याला लिहितेस का? त्याला इचार, वीर पाहिजे का नको. मी म्हटलं, त्याला विचारणार नाही, तो तुमच्या बाजूने बोलेल. ते म्हणाले, तो तुझ्या बाजूचा हाय. त्यावरून पुन्हा जुंपली आहे.

हृतिक गेल्यापासून या घरात एवढा आवाज झाला नव्हता, विनू. समोरच्या घरातल्यांनी खिडकी लावून घेतली मघाशी.

तू येत्या रविवारी गाडी घेऊन ये. दुपारी ये, फोनच्या वेळेला. आणि वीर पाहिजे की नको, ते इथे येऊन, उभं राहून, मोठ्याने सांग.

मनिषाताई